बफेलोचे ससे, शिगाचे उंदीर

शिओनोगी ही जपानी औषध कंपनी. शिगा प्रांतात आबुराही इथे तिची प्रयोगशाळा होती आणि तिथे उंदरांची पैदास चाले. १९७४ साली तिथली एक मादी भरमसाट पाणी पिऊ लागली. लघवी वाढली, लघवीत साखर सापडली, अंगावरचं मांस झडू लागलं. लक्षणं उघडउघड मधुमेहाची होती, आणि सुसुमु माकिनो व त्यांचे सहकारी मधुमेही उंदरांच्याच शोधात होते. तरीही या मादीनं त्यांना कोड्यात टाकलं, कारण ती भलत्याच घरात जन्मली होती.

मोतीबिंदू होणाऱ्या उंदरांच्या एका वंशातून या मंडळींनी दोन शाखा काढल्या होत्या. एका शाखेत उपाशीपोटीही रक्तातली साखर जास्त असणारे उंदीर निवडून पिढ्यान्‌पिढ्या जुळवायचे, दुसरीत साखर सामान्य असणारे. मधुमेह निघालाच तर पहिलीतून निघेल, दुसरी आपली तुलनेपुरती, असा हिशेब होता. विसाव्या पिढीला मधुमेह निघाला तो या दुसऱ्या, ‘निरोगी’ शाखेत. तिच्यातून वाढवलेला वंश माकिनोंनी १९८० साली जगापुढे मांडला. हे उंदीर लठ्ठ नव्हते आणि मधुमेही होते, म्हणून त्यांचं नाव पडलं नॉन-ओबीज डायबेटिक, थोडक्यात एनओडी.

या उंदरांचा आजार पाहिला की माणसाच्या बालवयातल्या मधुमेहाची आठवण होते. पिल्लू चार-पाच आठवड्यांचं असतानाच त्याच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या बेटांभोवती लिम्फोसाइट, म्हणजे संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी, जमू लागतात. साखर वाढते ती मात्र बाराव्या आठवड्यानंतर, आणि तिसाव्या आठवड्यापर्यंत साधारण ६० ते ८० टक्के माद्या मधुमेही होतात. नरांचं प्रमाण बरंच कमी. मधले दोन-तीन महिने उंदीर खातो, पितो, पळतो. बाहेरून काही कळत नाही. शिवाय याच उंदराच्या लालाग्रंथींत आणि अश्रुग्रंथींतही अशाच पेशी घुसतात, हे १९८० च्या दशकातच लक्षात आलं. इतक्या लहान देहात निदान तीन ग्रंथींवर स्वतःच्याच सैन्याचा हल्ला. तो कधी सुरू झाला, हे उंदराला न मारता ओळखायचं तर उरतं त्याचं रक्त.

रक्तात काय शोधायचं, हे तोवर ठरून गेलं होतं: शरीरानं स्वतःविरुद्धच बनवलेली प्रतिपिंडं. ते ठरवायला मात्र अर्धं शतक लागलं होतं.

विसाव्या शतकाच्या आरंभी पाउल एर्लिख यांनी बोकडांवर प्रयोग केले. एका बोकडाला दुसऱ्याचं रक्त टोचलं की त्याच्या शरीरात त्या परक्या रक्तपेशी फोडणारी द्रव्यं तयार होत. स्वतःच्या रक्तपेशींविरुद्ध मात्र ती कधीच होत नसत. शरीर स्वतःवर उलटायला जणू घाबरतं, असा निष्कर्ष एर्लिख यांनी काढला आणि त्याला एक भारदस्त लॅटिन नाव दिलं: ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’. त्यांचा अधिकार इतका मोठा होता की विरुद्ध पुरावा समोर आला तरी लोक आधी स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेत. एर्लिख यांचे शिष्य हान्स झाक्स, झाक्स यांचे शिष्य अर्न्स्ट विटेब्स्की. हे विटेब्स्की ज्यू. १९३३ मध्ये हायडलबर्ग सोडून पुढे अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरी आले. गुरूच्या गुरूचा सिद्धांत मोडायची पाळी त्यांच्याच प्रयोगशाळेवर यावी, हा योगायोग नाटककारालाही सुचला नसता.

१९५१ साली नोएल रोझ नावाचा तरुण त्यांच्या हाताखाली रुजू झाला. काम तसं रुक्ष होतं. एकेका अवयवाची म्हणून काही खास प्रथिनं असतात, त्यांचा अभ्यास करायचा. आणि त्यासाठी निवडलं होतं थायरॉइड ग्रंथीतलं थायरोग्लोब्युलिन. रोझनं सशांचं थायरोग्लोब्युलिन सशांनाच टोचलं. काहीही व्हायला नको होतं. पण सशांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली. हे दुसऱ्या सशाचं प्रथिन होतं म्हणून असेल, ही पळवाट बंद करण्यासाठी रोझनं सशाची अर्धी थायरॉइड काढून तिचाच अर्क त्याच सशाला टोचला. तरी प्रतिपिंडं आलीच. आणि उरलेली अर्धी ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर ती लिम्फोसाइटांनी गच्च भरलेली. हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यवैद्यानं १९१२ साली चार बायकांच्या थायरॉइडमध्ये जे चित्र पाहून लिहून ठेवलं होतं, तेच हे चित्र.

विटेब्स्कींनी प्रसिद्धीची घाई केली नाही. निष्कर्ष छापून आले ते १९५६ मध्ये. त्याच वर्षी लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात डेबोरा डोनियाक, आयव्हन रॉइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाशिमोतोचा आजार असलेल्या रुग्णांच्या रक्तात तीच प्रतिपिंडं दाखवली. थायरॉइड काढून टाकल्यावर रुग्णांच्या रक्तातलं वाढलेलं ग्लोब्युलिन उतरतं, हे डोनियाक यांच्या लक्षात आलं होतं. ग्रंथी गेल्यावर जे उतरतं ते ग्रंथीमुळेच चढलेलं असणार, हा त्यांचा तर्क. डोनियाक हे नाव पुढे पुन्हा भेटेल. १९७१ साली रोझ आणि एड्रियन व्लादुत्सियू यांनी हाच प्रयोग उंदरांत नेला आणि थायरॉइडचा दाह कोणत्या वंशात तीव्र होतो, हे त्या उंदरांच्या ‘एच-२’ जनुकसमूहावर ठरतं, हे दाखवलं. प्रतिकारशक्तीचा ग्रंथींवरचा राग वंशपरंपरेशी बांधलेला असतो, याचा तो ठोस पुरावा होता.

लालाग्रंथींची गोष्ट वेगळ्या वाटेनं चालली होती. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्‍रिक शोग्रेन यांनी १९३३ साली जर्मन भाषेत प्रबंध सादर केला. डोळे कोरडे पडलेल्या १९ स्त्रिया त्यांनी तपासल्या होत्या. त्यांतल्या १३ जणींना सांधेदुखीही होती, अनेकींचं तोंड सुकत होतं. डोळा, तोंड आणि सांधे हे तीन वेगळे आजार नसून एकच आहे, हे त्यांचं म्हणणं. परीक्षकांना ते फारसं पटलं नाही आणि विद्यापीठात पुढे जाण्याची वाट बंद झाली. शोग्रेन येनशोपिंगच्या रुग्णालयात काम करत राहिले. ऑस्ट्रेलियातल्या ब्रूस हॅमिल्टन या नेत्रतज्ज्ञानं १९४३ साली प्रबंध इंग्रजीत आणला, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं.

शोग्रेन यांचंच नाव पडलेल्या या आजाराच्या रुग्णांच्या रक्तात काहीतरी आहे, हे १९५८ आणि १९६१ मध्ये ब्रिटनमधल्या दोन गटांनी दाखवलं. पण ते ‘काहीतरी’ नेमकं पकडलं गेलं ते १९६९ साली, आणि पुन्हा बफेलोतच. क्लार्क, राइखलिन आणि टोमासी यांनी ल्युपस या अशाच स्वतःवर उलटणाऱ्या आजाराच्या रुग्णांच्या सीरममध्ये एका पेशीद्रव्याविरुद्धचं प्रतिपिंड शोधलं आणि ज्या रुग्णाच्या रक्तात ते सापडलं त्याच्या नावाची पहिली दोन अक्षरं त्याला चिकटवली: रो. १९७४ मध्ये दुसरं सापडलं, ते ला. १९७५ साली कॅलिफोर्नियात ऑल्स्पॉ आणि टॅन यांनी शोग्रेनच्या रुग्णांत दोन प्रतिपिंडं शोधली आणि त्यांना एसएस-ए व एसएस-बी अशी नावं दिली. चार वर्षांनी दोन्ही प्रयोगशाळांनी एकमेकींचे नमुने ताडून पाहिले, तेव्हा उलगडलं की एसएस-ए म्हणजेच रो आणि एसएस-बी म्हणजेच ला. अमेरिकेच्या दोन टोकांना एकाच वस्तूची दोन बारशी झाली होती. आजही तपासणीच्या अहवालात दोन्ही नावं शेजारी शेजारी छापतात.

दरम्यान जगाच्या दुसऱ्या कडेला उंदीर कामाला लागले होते. न्यूझीलंडच्या डुनेडिनमध्ये जर्मनीहून परागंदा झालेलं बिएल्शोव्स्की दांपत्य कर्करोगाच्या अभ्यासासाठी उंदीर पाळत होतं. मारियान बिएल्शोव्स्की यांच्या काळ्या उंदरांच्या एका वंशाला रक्तक्षय होऊ लागला, आणि त्याच्या तांबड्या पेशींवर स्वतःचीच प्रतिपिंडं चिकटलेली असतात, हे १९५९ मध्ये जाहीर झालं. कुणी काही टोचलेलं नसताना आपोआप असा आजार होणारा हा पहिला उंदीर. पुढे या काळ्या वंशाची पांढऱ्याशी गाठ घालून जन्मलेल्या संकरात ल्युपससारखा आजार दिसला, आणि १९६८ मध्ये केसलर या संशोधकानं त्याच संकराच्या लालाग्रंथींत शोग्रेनसारखी पेशींची गर्दी दाखवली. उंदरांत शोग्रेन शोधायची सुरुवात इथून.

स्वादुपिंडाकडे परत येऊ. १९७४ साली, आबुराहीतली ती मादी आजारी पडली त्याच वर्षी, लंडनमध्ये जानफ्रांको बोतात्सो आणि त्याच डेबोरा डोनियाक यांनी काही मधुमेहींचं सीरम माणसाच्या स्वादुपिंडाच्या पातळ चकतीवर टाकलं, चमकणारा रंग वापरून पाहिलं, आणि पेशींची बेटं उजळून निघाली. मधुमेह हाही स्वतःवर उलटणारा आजार असू शकतो, याचा तो पुरावा. बेटांतलं नेमकं कोणतं प्रथिन लक्ष्य आहे, हे कळायला वेळ लागला. १९८२ मध्ये स्टेइनुन बेकेस्कोव्ह यांना ६४ हजार रेणुभाराचं एक प्रथिन दिसलं. १९८३ मध्ये अमेरिकेत पामर यांनी दाखवलं की इन्सुलिनचं एकही इंजेक्शन न घेतलेल्या नव्या रुग्णांच्या रक्तातही इन्सुलिनविरोधी प्रतिपिंडं असतात. आणि १९९० मध्ये ते ६४ हजारवालं प्रथिन म्हणजे जीएडी हे विकर असल्याचं ओळखलं गेलं. मेंदूतही तेच विकर काम करतं. अंग लाकडासारखं ताठणाऱ्या एका दुर्मीळ आजारातल्या प्रतिपिंडांमुळे ते ओळखणं सोपं झालं.

मग झुंबड उडाली. १९९३ च्या नोव्हेंबरात ‘नेचर’च्या एकाच अंकात कॅलिफोर्नियातल्या दोन गटांचे लेख आले. एनओडी उंदराची प्रतिकारशक्ती सर्वांत आधी जीएडीवर तुटून पडते आणि लहानपणीच जीएडीची सवय लावली तर मधुमेह टळतो, असा दोहोंचा सूर. जीएडी हाच मुख्य आरोपी, असं वातावरण झालं. एनओडी उंदरांच्या रक्तात जीएडीविरोधी प्रतिपिंडं सापडल्याची वृत्तंही एकामागून एक येऊ लागली. अडचण एवढीच की एका प्रयोगशाळेला ती भरपूर दिसत, दुसरीला दिसतच नसत.

अशा वेळी विज्ञानात जे क्वचित घडतं ते घडलं. भांडणाऱ्या प्रयोगशाळांनी एकत्र परीक्षा द्यायची ठरवलं. एनओडी उंदरांचं सीरम आणि मधुमेह न होणाऱ्या वंशांचं सीरम सांकेतिक क्रमांक घालून सगळीकडे पाठवलं गेलं. कोणती कुपी कुणाची, हे तपासणाऱ्याला ठाऊक नव्हतं. २००१ मध्ये निकाल छापून आला. इन्सुलिनविरोधी प्रतिपिंडं एनओडी उंदरांची खरी ओळख ठरली. जीएडी आणि आयए-२ या दुसऱ्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं मात्र एनओडीची खूण म्हणून टिकली नाहीत. माणसात ही दोन्ही प्रतिपिंडं पक्की आणि रोजच्या वापरातली. उंदरात ती भास ठरली. या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचा प्रसंग निवडायचा तर तो हाच. नोबेलच्या यादीत न बसणारा, नव्या शोधाचा डंका न वाजवणारा, पण त्यानं एका दशकाचा केर काढला.

इन्सुलिनची बाजू कोलोरॅडोतल्या जॉर्ज आयझेनबार्थ यांच्या गटानं बळकट केली होती. उंदराच्या अंगात रक्तच मुळात थोडं. म्हणून थेंबभर सीरमवर चालणारी चाचणी त्यांनी वापरली. आठव्या आठवड्यातच ज्या उंदराच्या रक्तात इन्सुलिनविरोधी प्रतिपिंडं दिसली, त्याला मधुमेह लवकर गाठत असे, हे त्यांनी २००० साली मांडलं. २००५ मध्ये माकी नाकायामा आणि त्याच गटानं आणखी पुढची पायरी गाठली. उंदराची मूळची दोन्ही इन्सुलिन जनुकं काढून टाकली आणि इन्सुलिनच्या साखळीतली एकच कडी बदललेलं जनुक घातलं. संप्रेरक आपलं काम चोख करत राहिलं, पण प्रतिकारशक्तीला ते ओळखू येईना. त्या उंदरांना मधुमेह झाला नाही.

खूण आणि गुन्हेगार यांतला फरक मात्र इथे नीट धरावा लागतो. मधुमेहात बेटं मारतात त्या प्रामुख्यानं टी पेशी, म्हणजे लिम्फोसाइटांचाच एक प्रकार. प्रतिपिंडं त्यांच्या वावराची खबर देतात. शोग्रेनच्या उंदरांत गणित वेगळं निघालं. फ्लॉरिडातल्या गेन्सव्हिल इथे मायकेल हम्फ्रीज-बेहर यांच्या गटानं प्रतिपिंडं बनवूच न शकणारे एनओडी उंदीर घेतले. त्यांच्या लालाग्रंथींत पेशी घुसलेल्या होत्या, तरी लाळ नेहमीसारखी सुटत होती. मग त्यांना शोग्रेनच्या रुग्णांच्या रक्तातून वेगळी काढलेली प्रतिपिंडं टोचली, आणि लाळ आटली. १९९८ सालचा हा प्रयोग. ग्रंथी पेशींनी भरलेली असणं आणि ग्रंथी बंद पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यानं दाखवलं. लाळ उत्तेजित करणाऱ्या मज्जासंदेशांचा ग्राही, एम-३, यावर प्रतिपिंडं बसत असावीत, या तर्काला त्यातून बळ मिळालं.

चाचणीच्या कामाचं प्रतिपिंड कोणतं, हा प्रश्न तरीही उरला. रो आणि ला उंदरांत बेभरवशाची; कुठे सापडत, कुठे नाही. १९९७ मध्ये जपानच्या तोकुशिमा विद्यापीठातल्या योशिओ हायाशी यांच्या गटानं जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी थायमस ही ग्रंथी काढलेल्या उंदरांच्या लालाग्रंथीतून अल्फा-फोड्रिन या प्रथिनाचा एक तुकडा वेगळा काढला आणि शोग्रेनच्या जवळपास सगळ्या रुग्णांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं असल्याचं ‘सायन्स’मध्ये छापलं. इतरांनी तपासलं तेव्हा आकडे खूपच खाली आले. फोड्रिनचं तेज काही वर्षांत ओसरलं.

आणि मग तिसऱ्यांदा बफेलो. ज्युलियन अँब्रस यांच्या प्रयोगशाळेत आयएल-१४ अल्फा हे द्रव्य जास्त बनवणारे उंदीर घडवले होते. त्यांचा आजार माणसातल्या शोग्रेनच्या टप्प्यांनी पुढे सरके: आधी रक्तात प्रतिपिंडांची वाढ, मग लाळ कमी होणं, मग इतर अवयव, म्हातारपणी लिम्फोमा. २०१२ साली लाँग शेन, अँब्रस आणि सहकाऱ्यांनी या उंदरांच्या रक्तात लालाग्रंथींतल्याच तीन प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं दाखवली: लाळेतलं प्रथिन एसपी-१, कार्बॉनिक अनहायड्रेज ६ आणि पॅरोटिड ग्रंथीचं स्रवणारं प्रथिन. रो-लापेक्षा ती आधी येत होती. मग त्यांनी माणसांचं रक्त तपासलं. शोग्रेनच्या निकषांत बसणाऱ्या पण रो-ला नसलेल्या रुग्णांपैकी ४५ टक्क्यांत ती होती. ज्यांना डोळे-तोंड कोरडं पडण्याचा त्रास दोन वर्षांहून कमी काळ होता आणि कारण कळलेलं नव्हतं, त्यांच्यात ७६ टक्क्यांकडे या तीनपैकी पहिली दोन किंवा त्यांतलं एक प्रतिपिंड होतं. रो किंवा ला ३१ टक्क्यांकडेच.

उंदरापासून दवाखान्यापर्यंतची वाट यावेळी झटपट कापली गेली. वर्षभरात अमेरिकेत या प्रतिपिंडांची चाचणी बाजारात आली. जरा जास्तच झटपट, असं म्हणायला जागा आहे. पुढच्या अभ्यासांत उत्तरं संमिश्र मिळाली. नुसते डोळे कोरडे असलेल्या, शोग्रेन नसलेल्या लोकांतही ती प्रतिपिंडं दिसली. २०१६ मध्ये अमेरिकेच्या आणि युरोपच्या संधिवाततज्ज्ञांनी मिळून शोग्रेनचे नवे निकष ठरवले, तेव्हा रक्तातली एकच खूण ठेवली, रो. ला वगळलं. उंदरांतून आलेली तिन्ही बाहेरच राहिली.

मधुमेहात मात्र रक्तातल्या खुणेला औषधाची जोड मिळाली. १९९४ मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात ल्यूसिएन शातनू आणि जाँ-फ्रांस्वा बाख यांनी मधुमेह नुकताच सुरू झालेल्या एनओडी उंदरांना टी पेशींवरच्या सीडी-३ या प्रथिनाविरुद्धचं प्रतिपिंड पाच दिवस दिलं आणि बहुतेकांची साखर उतरली, ती उतरलेलीच राहिली. त्याच वाटेवरच्या टेप्लिझुमॅब या औषधाची परीक्षा ७६ जणांवर झाली. सगळे मधुमेहींचे नातेवाईक, त्यांना मधुमेह अजून झालेला नव्हता, पण रक्तात किमान दोन प्रकारची स्वप्रतिपिंडं होती आणि साखर थोडी डगमगू लागली होती. २०१९ च्या निकालानुसार चौदा दिवसांच्या एका औषधयोजनेनं मधुमेह मध्यकाच्या हिशेबानं दोन वर्षं लांबला. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं आठ वर्षं आणि त्यावरच्यांसाठी त्याला मान्यता दिली, आणि ते कुणाला द्यायचं हे ठरवताना रक्तातली प्रतिपिंडं मोजणं अटळ झालं.

शोग्रेनच्या रुग्णाला तशा औषधाची सोय नाही; तिथे रक्तातली खूण निदानालाच लागते. २०१६ च्या निकषांत चार गुण लागतात. रो असेल तर तीन लगेच मिळतात आणि डोळ्यांच्या किंवा लाळेच्या साध्या चाचणीतून चौथा. रक्तात रो नसेल तर डॉक्टर खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला बारीक छेद देऊन चार-पाच लालाग्रंथी काढतात आणि त्यांत लिम्फोसाइटांचे पुंजके मोजायला प्रयोगशाळेत पाठवतात.